घाटातलं दुखणं

साल्किनला वाटलं होतं, घाटाखालच्या दवाखान्यात रुजू झाल्यावर नवीकोरी रुग्णवाहिका मिळेल. मिळाले मी.

मी एक जुनी, करडी व्हॅन. आधी मेंढ्यांची लोकर वाहिली, मग लग्नाची वऱ्हाडं, आता माणसांची दुखणी वाहते. दूरदेशी डॉक्टर होऊन परतलेल्या गावच्या या लेकीनं, साल्किननं, माझ्या बॉनेटवर थाप मारून साऱ्या गावाला सांगितलं होतं, "आता एकही बाई वाटेत दगावणार नाही."

तेव्हापासून मला चैन नाही. चढ संपत आला की माझं इंजिन बंद पडतं. निवलं की पुन्हा सुरू. आणि गावातल्या झुमागुलच्या पोटातलं बाळ आडवं आहे. तिला याच आठवड्यात घाटापलीकडच्या इस्पितळात न्यायलाच हवं.

साल्किननं फोनवर काहीबाही वाचलं आणि तुराटच्या गॅरेजात जाऊन सांगितलं, "पेट्रोलचा पंप गेलाय, बदला." त्यानंही काही न विचारता बदलला. मी पुन्हा घाटात बंद.

काल गॅरेजात वाद पेटला.

"अंगणात तर मांजरीसारखी गुरगुरतेय," तुराट म्हणाला.

"अंगणात नाही, घाटात बंद पडते!"

"माझ्या हाताखाली कधी पडली नाही," एसेनमामा मध्येच बोलला. हा साल्किनचा मामा, माझा आधीचा चालक. "गाडी माणूस ओळखते, पोरी."

तुराट हसला आणि पुढचं सगळं मामालाच विचारू लागला. साल्किन जणू तिथं नव्हतीच. मला ओरडावंसं वाटलं. पण हॉर्नशिवाय मला वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याच्या हातात.

संध्याकाळी चहाला बसल्यावर मामा तेच मिरवत होता. मी खिडकीशीच उभी होते. मामी कडाडली, "तुमच्या हाताखाली ती तापेल कशी? चढावर मेंढपाळांचा तंबू दिसला की उतरलेच हे! एका तंबूत घोडीचं दूध, दुसऱ्यात गप्पा, तिसऱ्यात डुलकी. गाडी बापडी बाहेर निवत बसते!"

साल्किनच्या हातातली वाटी तशीच राहिली. ती कुठंच थांबत नसे. आजारी माणूस घेऊन कोण थांबेल?

आज उजाडताच ती गॅरेजात आली. "तुराटदादा, पंपाचं मी उगाच बोलले. काय घडतं तेवढंच सांगते. न थांबता चढले की शेवटच्या वळणाआधी ही धक्के देते, मग मरते. आवाज नाही, वास नाही. निवली की चालते."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत?"

तुराटनं मान खाजवली. "बंद पडल्या पडल्या बघायला मिळालं, तर कळेल ठिणगी पडायची थांबते की पेट्रोल यायचं."

"मग हत्यारं घ्या आणि बसा. झुमागुलला न्यायच्या आधी आज रिकामीच चढवते. मध्ये थांबायचं नाही."

"मीही येतो," मामा म्हणाला.

"नको मामा. तू असलास की हिला काही होत नाही."

आम्ही निघालोय. आजवर प्रत्येक चढावर मी एकच मागणं मागितलं: बंद पडू देऊ नकोस. आज उलटं मागते. देवा, या तुराटच्या डोळ्यांदेखत मला एकदा बंद पडू दे.