चाळणीखालचं पाणी

दादाचं मनगट मी मोडलं. ढवळायच्या लाकडी दांड्याने, दोन घावांत. पहिल्यालाच मोडलं असावं, पण दुसरा घातल्याशिवाय माझं समाधान होईना.

आमचा टोमॅटो सॉसचा कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. दादा शिजवतो. मी बाटल्या भरते आणि लेबलांवर टोमॅटोचे गुण लिहिते: हृदयाला चांगला, कच्चा खाल्ला तर क जीवनसत्त्व, थोड्या तेलात शिजवला तर त्यातला लाल रंग अंगी जास्त लागतो. सगळं खरं आहे, पण धडधाकट माणसासाठी. बाबांची मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, टोमॅटो साफ बंद. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठेल आणि हृदय बंद पडेल.

त्या दुपारी बाबा खुर्चीतून उठायला गेले आणि धाडकन कोसळले. कपाळ उंबरठ्यावर फुटलं. दवाखान्यात त्यांचं हृदय थांबलं. तिथल्या दोन नर्सनी छातीवर दाब देऊन देऊन ते चालू केलं, तेव्हा दोन बरगड्या मोडल्या. तो आवाज मी दारातून ऐकला.

"काय खाल्लं होतं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"टोमॅटो. मीच दिला," दादा म्हणाला. "आठ दिवस, रोज वाटीभर. पण उकडून, पाणी काढून."

"पाणी फेकलंत? पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं."

दादाने नकारार्थी मान हलवली. आमच्याकडे चाळणीखाली गळलेलं पाणी कुणी फेकत नाही. ते आटवून पुन्हा सॉसमध्ये घालायचं, खरी चव त्यातच. वीस वर्षांची सवय. त्याच्या हाताने तेच केलं होतं आणि बाबांना चमच्या-चमच्याने भरवलं होतं.

बाबांचे कागद आणायला आम्ही घरी आलो. मी कागद घेऊन मागच्या खोलीत गेले, तर दादाने बाबांच्या सकाळच्या टोमॅटोचं पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवलेलं.

"हे काय चालवलंयस?"

"फुकट जाईल गं. आपल्याला होईल भाजीत."

माझं डोकंच फिरलं. दांडा कधी उचलला ते कळलं नाही. मनगट काडकन वाजलं. दादाने दुसऱ्या हाताने पातेलं भिरकावलं आणि तो उकळता रस माझ्या मानेवर आला. मी किंचाळले, पुन्हा मारलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"बापाचा जीव घेतलास तू! मुडद्या!"

"हृदयाला चांगला, हे कुणी लिहिलं?" तो ओरडला. "तूच ना?"

मी त्याच्या बरगडीत लाथ घातली. मग मात्र त्याने हात वर केलाच नाही. "मार," एवढंच म्हणाला. मला त्याचाही राग आला, म्हणून आणखी एक घातली.

बाबा वाचले. तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. दादा प्लास्टर गळ्यात अडकवून बाकावर बसला होता. मी मानेला पट्टी लावून त्याच्यापासून चार हात लांब.

"त्याला बोलू नकोस," बाबा मला म्हणाले. "मीच थाप मारली त्याला. म्हटलं, बाईंनी परवानगी दिलीय, फक्त उकडून पाणी फेकायचं. तोंडाला चवच नव्हती गं."

मी बाहेर येऊन दादासमोर उभी राहिले. मला त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं आणि लाजही वाटत होती.

"बाबांनी सांगितलं होतं, हे तू बोलला का नाहीस?"

दादाने माझ्या मानेवरची पट्टी पाहिली.

"तुझ्या हातात दांडा होता," तो म्हणाला. "बाबांचं नाव घेतलं असतं, तर ते घरी आल्यावर तू त्यांना मारलं असतंस."

खरं होतं. मी मारलं असतं.