पदराचं टोक

कौसाबाईनं खिडकीच्या गजांमधून चोपडी आत सरकवली, पण हिलालनं हात पुढं केला नाही. त्यानं टेबलावरचं जुनं वर्तमानपत्र ओढलं, कागदात चोपडी धरली आणि मेलेलं पाखरू उचलावं तशी बाजूला ठेवली.

कौसाबाईच्या ते ध्यानातही आलं नाही. वाचनालयात बायका आत जात नसत. तिनं आजवर ही एक खिडकीच पाहिली होती. खिडकीपलीकडं गावातली माणसं लढाईच्या बातम्या वाचत बसलेली असत आणि त्यांच्या टोप्यांच्या वर, पार आढ्यापर्यंत, कपाटंच कपाटं दिसत. नंदुरबारच्या वेशीबाहेर शेटची मिरच्या वाळत घालायची पथारी होती. तिथं दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायचे आणि घरी जाताना इथं थांबायचं, असा तिचा रिवाज. वाचनालयात नाव सासऱ्यांचं, दोधू मास्तरांचं; ती त्यांना मामा म्हणे. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, तेव्हा हिलालनंच वाट काढून दिली होती. तो इथला कारकून, आणि त्याआधी मास्तरांच्या शाळेतला. "गुर्जीसले येता येस नही तं वहिनी, तुम्ही येत जा," तो म्हणाला होता. "नाव त्यासनं, अंगठा तुमना."

"ह्या चोपडीसारखीच द्या, हिलालभाऊ," कौसाबाई आज खुशीत म्हणाली. "मामाले भलती आवडनी. पानपानवर रडनात."

कपाटाकडं वळलेला हिलाल थांबला. "कोन रडनं?"

"मामा. आनखी कोन? सुरुवातपाईन ते शेवटलोंग."

"वहिनी, ती चोपडी तं हासानी शे. एक मानूस घोडावर बशीसन काशीले निंघस, नि ते घोडं त्याले रोज संध्याकायले घरच लई येस. मी पोट धरी धरीसन हासनू."

"मंग हासी हासीसन पानी उनं व्हई."

"आनि त्याना पह्यले लई गयात ती? ती तं कापूसवरला किडासनी व्हती."

"ती वाचतानाबी रडनात," कौसाबाई म्हणाली, पण आता आवाज जरा उतरला होता.

वर्तमानपत्राआडून एक जण खुसखुसला. "मास्तर मयाळू मानूस. किडासनी दया उनी व्हई!"

दोन-तीन टोप्या हलल्या. हिलाल मात्र हसला नाही. तो खिडकीशी आला, आणि पहिल्यांदाच कौसाबाईच्या हातांकडं पाहत राहिला. गज धरलेले ते हात. नखांच्या कडांत लाल रंग इतका मुरलेला, की मेंदी जुनी झाली असं वाटावं.

"वहिनी, वाईट वाटाडी लेऊ नका," तो खाली बघत पुटपुटला. "तुम्ही मांगे परत करेल ती राजा-रानीनी चोपडी शेट त्यासना घरना निर्मलाबाईसाठे लई गयात. बाईनी थुकी लाईसन पान पलटाडं, नि तोच हात डोयाले लावा. रातभर डोयावर दहीनी पट्टी. शेट सकायमांच उनात. म्हनात, ह्या चोपडीमां मसाला कोन कुटस? ते समितीवर शेतस. आते नेम कया. चोपडी सभासदना हातमांच देवानी. सभासदले येता येस नही तं नाव बंद."

 कौसाबाई शेटचं ऐकतच नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं तिच्या घरातली संध्याकाळ उभी राहिली होती.

दिवा लागला की ती मास्तरांना भिंतीला टेकवून बसवी. पुढं पाट, पाटावर उशी, उशीवर चोपडी. उजवं अंग गेलेलं. डावा हात उरला होता, पण तो थरथरे. त्याच्यानं एकेक पान सुटं होत नसे. मग मास्तर पान वाचून झालं की डाव्या बोटानं पाटावर टिचकी मारीत आणि कौसाबाई पान उलटी. सासऱ्यांपुढं तिनं कधी तोंड उघडं टाकलं नव्हतं. झटक्यानंतर भरवणं आलं, पुसणं आलं, तरी नाकापर्यंतचा पदर तसाच राहिला. पदराखालून तिला दिसे तो पाट, काळ्या मुंग्यांची रांग लागावी तशी अक्षरं, आणि मास्तरांचं ते एक बोट.

एके दिवशी पानावर थेंब पडला होता. टप्‌कन. तिचं काळीज हललं. आयुष्यभर छडी हातात धरलेला हा माणूस, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा न रडलेला, तिच्यासमोर रडत होता! तिनं वर न बघता हात लांबवला आणि पदराच्या टोकानं अंदाजानं त्यांचे डोळे टिपले. आणखी पाणी आलं. तिनं आणखी टिपलं. त्या दिवसापासून एकही संध्याकाळ कोरडी गेली नाही. तिला वाटे, अंगात कोंडलेलं दुःख चोपडीच्या वाटेनं बाहेर पडतंय, पडू दे.

त्याच पदरानं. दिवसभर पथारीवर नाकातोंडाशी बांधलेल्या, त्याच पदराच्या टोकानं.

खिडकीच्या गजांवरून तिचे हात आपोआप खाली आले. ते कुठं ठेवावेत ते तिला कळेना. पदरात घ्यावेत, तर पदरही तसाच.

"वहिनी," हिलाल म्हणाला, "तुमना काय दोस नही..."

पण ती पायरी उतरून गेली होती. चोपडी न घेता.

घरी मास्तर भिंतीला टेकून वाट बघत होते. पाट पुढं होता. तिची पावलं ऐकून त्यांनी पाटावर टिचकी मारली. रिकाम्या पाटाचा आवाज झाला.

कौसाबाई दाराशीच उभी राहिली. मग काय झालं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पदर मागं टाकला आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच सासऱ्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. पापण्यांच्या कडा सोलल्यासारख्या झाल्या होत्या. डोळ्यांखालची कातडी लाल, चकचकीत, आणि गालांवरून पाण्याच्या वाटा पडलेल्या, दुष्काळात ओढ्याची खूण उरावी तशा.

मास्तरांनी तिची नजर पाहिली आणि डोळे मिटून घेतले. तिला ते दिसू नयेत म्हणून.

"मामा," ती खाली बसली. "झोंबे तं मन्हा हात झटकारी का नही टाका? डावा हात तं चालस. एक डाव तरी झटकारी टाकता..."

मास्तरांचे ओठ एका बाजूनं हलले. शब्द नव्हताच. डाव्या बोटानं त्यांनी पाटावर टिचकी मारली. थांबून पुन्हा एक मारली. पान उलट, या अर्थाची.

तेवढंच त्यांचं उत्तर होतं. हात झटकला असता तर हिनं पान सोडलं असतं. पान उलटायला घरात दुसरं कोण होतं? मुलगा भिला, तिचा नवरा, भुसावळला, रेल्वेत. हा माणूस एकेका पानासाठी डोळ्यांत मिरची घेत राहिला होता, आणि ती बाहेर मिरवत होती.

मिरवत होती म्हणजे कशी! दुसऱ्या दिवशी पथारीवर पाय ठेवते, तो बायकांच्या रांगेतून तिचीच ओवी तिला सामोरी आली. लाल मिरच्यांच्या गालिच्यावर उकिडव्या बसलेल्या बाया, देठ खुडण्याच्या ठेक्यावर, एका सुरात:

मन्हा सासरा मास्तर, पोथी वाचस मनमां,
पान पलटावस मी नि पानी येस डोयामां.

ही ओवी तिनंच जुळवली होती, याच पथारीवर, मोठ्या अभिमानानं. एकीनं उचलली, दुसरीनं उचलली, आता ती सगळ्यांची झाली होती.

"ये वं कौसा," शेजारची कमलबाई म्हणाली. "पुढली कडी जुयाव ना. काल काय वाचं मास्तरनी?"

"गाऊ नका वं ती."

"का वं? आमना आवाज काय कावळाना शेतस?"

बाया हसल्या. कौसाबाईला हसता येईना, रडताही येईना. तिनं मान खाली घालून मूठभर मिरच्या ओढल्या. कमलबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं, गाणं थांबवलं आणि जवळ सरकली. मग कौसाबाईनं तिला सगळं सांगितलं, देठांकडं बघत, हळू आवाजात. 

 "मन्हं पोरगं तान्हं व्हतं," कमलबाई देठ खुडत म्हणाली, "तवय ते माले धरे नि किंचाळे. माले वाटे, दूध नही. सासू म्हने, इले दूधच नही. बारा गावना अंगारा कया. मंग एक म्हतारीनी सांगं, पह्यले हात धोय माय." तिनं आपले लाल तळवे कौसाबाईपुढं धरले. "पानीवरी निंघस नही हाई. तीळनं तेल चोयीसन बस. मंग ताक. मंग राख. मंग परत तेल."

दोन दिवस कौसाबाई पथारीवर गेली नाही. तेल चोळलं, ताकात हात बुडवून बसली, चुलीतल्या राखेनं घासले, लिंबाच्या साली घासल्या. कातडी पांढरी पडली, भेगांतून आग निघाली. इतक्या वर्षांत मिरची तिला कधी झोंबली नव्हती. आता झोंबत होती, आणि तिला ते बरं वाटत होतं. नखं तिनं मुळापर्यंत कापली. ओसरीत मास्तर रिकाम्या पाटापुढं बसत. टिचकी मात्र त्यांनी पुन्हा मारली नाही. तिला वाईट वाटेल म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशी तिनं पेटीतलं धुतलेलं लुगडं काढलं, स्वतःच्या लग्नातल्या हळदीनंतर क्वचितच नेसलेलं, आणि वाचनालयाच्या खिडकीशी गेली. आत तीच माणसं होती, तीच वर्तमानपत्रं. हिलाल वर बघेपर्यंत ती थांबली. मग दोन्ही हात गजांमधून आत घातले, कोपरापर्यंत, तळवे वर करून.

"वास ल्या, हिलालभाऊ."

वर्तमानपत्रं खाली झाली. कोणी खुसखुसलं नाही.

हिलालचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. याच बाईच्या घरी शाळकरी वयात तो मास्तरांकडं शिकायला जाई आणि सासूबाईंच्या हातची भाकर खाऊन येई. गुर्जींची सून आज भरल्या लोकांत त्याच्यापुढं हात पसरून उभी होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

"हात मांगे ल्या वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "माले लाजाडू नका."

"वास लिधाशिवाय कसं समजी तुमले? शेटले काय सांगशात?"

"शेटले?" हिलालनं खोलीकडं पाहिलं आणि थोडा मोठ्यानंच बोलला. "शेटले सांगसू, ती मिरची तुमनीच व्हती. तुमनी पथारीवरथून निंघनी नि तुमनाच घर पोचनी. दुसरा कोन्ही कसूर नही."

कोपऱ्यातला तो विनोदी माणूस एकदम खोकला आणि वर्तमानपत्रात शिरला.

"नि नेम?" कौसाबाईनं विचारलं.

"नेम सभासदना हातना शे ना? मी सभासद शे. चोपडी मन्हा हातमां. मी कोठेबी धाडसू." त्यानं कपाट उघडलं. "कोनती देऊ? एक नवी उनेल शे, बरी शे."

कौसाबाईनं मान हलवली. तिला बोलायला अवघड गेलं. "तीच द्या. घोडानी. मामानी ती वाची, पन... ती त्यासनी हासासाठे वाची नही."

हिलाल टेबलाच्या खणाकडं गेला. ती चोपडी तिथंच होती, स्वच्छ फडक्यात बांधलेली. "दोन दिन उनमां ठेयेल शे," तो म्हणाला. "पान पान झटकेल शे. मन्हा डोया देखा ना." त्याचे डोळे खरंच लाल होते. आता दोघांनाही एकमेकांकडं बघता येईना.

दिवा लागला. कौसाबाईनं पाट पुढं ओढला, उशी ठेवली, उशीवर चोपडी. पदर नाकापर्यंत घेतला. धुतलेल्या लुगड्याला पेटीतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. मास्तरांनी चोपडीचं पहिलं पान पाहिलं. ते जुनंच आहे हे त्यांना कळलं असणार. बराच वेळ टिचकी आली नाही. मग आली.

तिनं पान उलटलं. पुन्हा टिचकी, पुन्हा पान. कोरडी पानं, एकामागून एक. तिला वाटलं, संपलं. आता या घरात कोणी रडणार नाही, आणि आपली ती ओवीही आता खोटीच.

मग पाट हलला.

आधी तिला कळेना. मास्तरांचं अंग गदगदत होतं. नाकातून एक विचित्र, फाटका आवाज निघत होता. थांबे, आणि पुन्हा निघे. ती घाबरली. दुसरा झटका आला की काय! तिनं हात टेकून उठायचं केलं, तेवढ्यात त्यांचं डावं बोट पानावर आलं आणि थरथरत एका ओळीवर आपटत राहिलं, हे बघ, हे बघ, असं. तिला वाचता येत नव्हतं. पण हिलालनं सांगितलं होतं ते तिला आठवलं. घोडं परत घरी आलं असणार.

तिनं पदर जरा वर सारून पाहिलं. मास्तर हसत होते. तोंडाच्या एका बाजूनं, जेवढं उरलं होतं तेवढ्यानं.

पानावर टप्‌कन थेंब पडला.

तिचा हात सवयीनं पदराच्या टोकाकडं गेला. टोक तिनं बोटांत धरलं, उचललं, आणि तसंच मुठीत आवळून मांडीवर ठेवलं. पाणी वाहत होतं ते वाहू दिलं.

पाटावर टिचकी वाजली. दुसऱ्या हातानं तिनं पान उलटलं.