पहिलं प्रकरण

सासूबाई सुईण होत्या. बाळंतपणावरचं त्यांचं पुस्तक सून छपाईसाठी कॉम्प्युटरवर लावत होती, आणि तिला स्वतःलाच सातवा महिना लागला होता. मथळे ठळक करता करता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा अंगावर शाल होती आणि सासूबाई शेजारी बसल्या होत्या.

"'आईची झोप' हे प्रकरण मी अगदी शेवटी टाकलंय बघ. ते पहिलं घे. पण मग प्रकरणांचे सगळे आकडे बदलत बसावं लागेल ना तुला?"

"नाही हो आई, आकडे आपोआप बदलतील. तशी सोय केलीये मी."

तिने ते प्रकरण वर नेलं. खालचे आकडे भराभर एकेक घर पुढे सरकले.

सासूबाईंनी समाधानाने मान डोलावली आणि हात धरून तिला आत नेऊन निजवलं.