बिनबाह्यांचा ड्रेस

कारखान्यात तिला सगळे ‘डावी’ म्हणायचे आणि तिला त्याचं कधी काही वाटलं नाही. शर्टाची डावी बाही जोडायची, एवढंच तिचं काम. उजवी बाही समोरच्या मशीनवरची बाई जोडायची, म्हणून ती ‘उजवी’. एका हाताने गठ्ठा घ्यायचा, टीप मारायची, दुसऱ्या हाताने पुढे सरकवायचा. कॉलर कुठे लागते, काजं कोण करतं, शर्ट शेवटी दिसतो कसा, हे तिने एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. पाहायला मान वर केली की सुपरवायझर खेकसायचा.

घरात मात्र वेगळीच हवा. नवरा चारचौघांत सांगायचा, “आमच्या हिच्यापुढे मशीन ठेवा आणि बघत बसा!” लेक शाळेत सांगून आली होती, की माझी आई शर्ट बनवते. डावीने कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कारखाना बंद झाल्यावर घरच्या मशीनवर तिने पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, नवऱ्याच्या पँटी आखूड केल्या. सरळ रेघेत टीप मारायची तर तिचा हात कोण धरणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

ती मूठ लेकीनेच उघडायला लावली. एका संध्याकाळी तिने निळं कापड, अस्तराचं कापड आणि एक पाकीट टेबलावर ठेवलं.

“आई, पुढच्या रविवारी मला पदवी मिळणार आहे. स्टेजवर जायचंय. यात पॅटर्न आहे, सगळे तुकडे आखलेले. मी मैत्रिणींना सांगून टाकलंय, की माझा ड्रेस माझी आई शिवतेय.”

आता काय बोलणार? ही पोरगी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून संध्याकाळी कॉलेजात गेलेली. आईबापावर तिने स्वतःचा भार म्हणून टाकला नव्हता. आईकडे काही मागितल्याला किती वर्षं झाली, ते डावीला आठवेनासुद्धा. आणि मागितलं ते हे. “बघू,” असं ती म्हणाली आणि लेकीने तो होकारच धरला.

लेक गेल्यावर तिने पाकिटावरचं चित्र नीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सुंदर ड्रेस होता, आतून पूर्ण अस्तर, आणि बाह्या नव्हत्या. अहो, जन्माची सगळी अक्कल एका बाहीत, आणि ड्रेसला बाहीच नाही! थट्टा करायची तर नशिबाने किती करावी.

दुसऱ्या दिवशी तिने कागद उलगडला. तो उलगडतच गेला. पलंग झाकला गेला आणि उरलेला कागद जमिनीवर लोळला. त्यावर सलग रेघा, तुटक रेघा, ठिपक्यांच्या रेघा, सगळ्या एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या. मापं तीन, रेघा तीन, हे कळायलाच दुपार झाली. एका तुकड्यावर लिहिलं होतं, ‘घडीवर ठेवा’. घडी कुणाची? तिने कागदाचीच घडी घातली. मग लेकीचा पुढचा भाग इतका अरुंद दिसायला लागला, की त्यात एक पायसुद्धा गेला नसता. कात्री लावायच्या आधी कळलं म्हणून बरं. घडी कापडाची घालायची होती.

“माझं डोकं फिरलंय का?” असं तिने मोठ्याने विचारलं. घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं, ते एक बरंच होतं.

तीन दिवस असे गेले. कापड कापून झालं, तेही चार वेळा माप घेऊन, देवाचं नाव घेऊन. पुढचं मात्र काही केल्या उमजेना. शनिवारी सकाळी तिने नाइलाजाने उजवीला फोन केला. उजवी स्वतःची कात्री घेऊन हजर.

“अगं उजवे, अस्तर कसं लावतात?”

“मला काय विचारतेस? मला उजवी बाही विचार.”

“बाही नाहीये.”

“बाही नाही?” उजवी धपकन खुर्चीत बसली. “मग हा कपडा आहे तरी कसला!”

दोघी त्या सूचनांच्या कागदावर वाकल्या. उजवी बोट फिरवत वाचत होती. “खांदे जोडा. बरं. अस्तराचेही खांदे जोडा. बरं. बाजू आणि पाठ सध्या उघडी ठेवा...” ती थांबली. “उघडी?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कारखान्यात एकच कायदा होता, की कड उघडी ठेवून माल पुढे पाठवायचा नाही. सुपरवायझर तो तुकडा सगळ्यांसमोर उंच धरून विचारायचा, ‘हे कोणाचं पाप?’ एकदा उजवीचा तुकडा असा वर धरला गेला होता आणि ती घरी जाऊन जेवली नव्हती.

“छपाईची चूक आहे,” उजवी ठामपणे म्हणाली.

“असणारच. उघडं कोण ठेवेल?”

मग काय विचारता! दोघींच्या अंगात जुना जोर आला. खांदे, बाजू, पाठ, सगळं बंद. अस्तरही तसंच बंद. चेन लावायची तेव्हा पाठ थोडी उसवू, असं ठरलं. मग एकाच्या आत दुसरं घातलं, सुलट बाजूला सुलट बाजू, आणि गळ्याला गोल टीप मारली. दोन्ही मुंढ्यांना, म्हणजे हात घालायच्या भोकांनाही गोल टिपा मारल्या, डावा डावीने, उजवा उजवीने. टिपा अशा, की बघणाऱ्याने बोट फिरवत राहावं. डावीला पहिल्यांदाच वाटलं, जमलं की मला!

“आता सुलटा कर,” उजवी म्हणाली.

डावीने गळ्यातून हात घातला. हात अस्तरात गेला. मुंढ्यातून घातला, पुन्हा अस्तर. खालून घातला, तर बोटं मुंढ्याच्या शिवणीवर अडली. उजवीने दुसऱ्या बाजूने हात घातला आणि आत दोघींनी एकमेकींचीच बोटं पकडली.

“सोड, हा माझा हात आहे!”

“मग ड्रेस कुठे आहे?”

ड्रेस सुलटा होईना. एक बाजू बाहेर ओढली की दुसरी आत जाई. तासभर ओढाताण झाली. शिवण सगळी बिनचूक आणि चूक नेमकी कुठे, ते सापडेना. उजवी घामाघूम होऊन म्हणाली, “डावे, आपण काय शिवलंय ते मलाच कळेना बघ.”

तेवढ्यात दार उघडलं. लेक ड्रेस घालून बघायला दुकानातून लवकर आली होती. तिने दोघींचे कोपरापर्यंत अडकलेले हात पाहिले आणि ती हसली. “काय चाललंय?”

डावीला सांगता आलं असतं, की कापड वाईट आहे, कागद चुकीचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला काय लागतं? पण लेकीचं ते हसू बघून तिला खोटं बोलवेना.

“मला ड्रेस शिवता येत नाही,” ती म्हणाली. “कधीच येत नव्हता. मी शर्टसुद्धा कधी शिवला नाही. मी फक्त डावी बाही जोडायची.”

लेकीचं हसू गेलं. “म्हणजे?”

“म्हणजे तेवढंच. एक बाही. दिवसभर तीच.”

“मग मी इतकी वर्षं सगळ्यांना जे सांगत आले ते?”

“तू सांगायचीस. मला ऐकायला आवडायचं, म्हणून मी गप्प बसायची.” “तू काही मागत नाहीस गं. हे मागितलंस, तर मला नाही म्हणवलं नाही. दुकानातून आण एखादा. मैत्रिणींना सांग, आईचा हात दुखत होता.”

उजवी हात सोडवून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. लेकीला राग आला होता, ते तिच्या नाकावर दिसत होतं. मग तिने चप्पल काढली, जमिनीवर बसली आणि सूचनांचा कागद ओढून घेतला. वाचला. पुन्हा वाचला.

“इथे बाजू आणि पाठ उघडी ठेवायला सांगितलंय.”

“ती छपाईची चूक आहे,” उजवी खिडकीकडूनच म्हणाली.

“नाही मावशी, चूक नाही. तिथूनच ओढून काढायचं असतं.” लेकीने कात्री आईपुढे सरकवली. “मी सांगितलंय आईने शिवला, तर आईच शिवणार. उसव.”

डावीने उसवलं. स्वतःच्या हाताच्या, एकही टाका न चुकलेल्या बाजूच्या आणि पाठीच्या शिवणी एकेक करून उसवल्या. लेक वाचत होती, डावी करत होती. पाठीचा एक अर्धा भाग कापड आणि अस्तर यांच्यामधल्या खांद्याच्या बोळातून ओढायचा, मग दुसरा. डावीला अजूनही काही कळत नव्हतं. तिने लेकीवर भरवसा ठेवला आणि ओढलं. आधी खांदा आला, मग पाठ आली, आणि एकदम सगळा निळा ड्रेस तिच्या मांडीवर सुलटा होऊन पडला. अस्तर आत, कापड बाहेर. तिला हे कसं झालं ते तेव्हाही कळलं नाही.

पुढचं सोपं होतं, सगळं सरळ रेघेचं. बाजू शिवल्या, पाठ शिवली, चेन लागली, खालची पट्टी दुमडली. उजवीने दोरे कापले.

शेवटची टीप झाली. डावीने ड्रेस उचलला, कारखान्यातल्यासारखा पुढे द्यायला हात बाजूला नेला आणि तिथेच थांबली. बाजूला भिंत होती.

“आता हा पुढे कोणाकडे द्यायचा?” तिने विचारलं, आणि खरंच गोंधळून विचारलं.

“कोणाकडे नाही आई,” लेक म्हणाली. “झाला हा.”

डावी ड्रेसकडे बघत राहिली. गळा होता, खांदे होते, घेर होता, सगळं एकाच कपड्यात आणि सगळं तिच्या हातात. लेकीने हात पुढे केला. “दे, घालून बघते.”

“थांब गं जरा,” डावी म्हणाली आणि तिने तो दिला नाही. “मला बघू दे.”