कोऱ्या खलबत्त्यातला लोखंडाचा अणू

मी लोखंडाचा एक अणू बोलतोय. डोळ्यांत गेलो तरी कुणाला खुपणार नाही, एवढासा. पण एका मुलीची पाच वर्षं मी मातीत घातली.

भुसावळच्या भांड्यांच्या दुकानातून लताबाईंनी आणलेल्या लोखंडी खलबत्त्याच्या तळाशी मी सुखात होतो. लताबाई सावद्याच्या, घरी केळीची बाग. त्यांची मयुरी जळगावला संशोधन करते. केळीच्या खांबाचा कोळसा तापवून ग्राफीन बनवायचं, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ पापुद्रा. त्यात कोबाल्टचे मोजके अणू पेरायचे आणि ते एकमेकांवर किती चुंबकी जोर लावतात ते मोजायचं, हे तिचं काम.

सुरुवातीलाच प्रयोगशाळेतलं दळायचं यंत्र बिघडलं, म्हणून तिने कोळसा आईकडे दिला. पाट्यावर वाट, पण बाहेरचं काही त्यात जाऊ देऊ नकोस, असं बजावलं. लताबाईंनी पाटा तीनदा धुतला, मिरचीचा वास काही जाईना. मग त्यांनी कुणी हात न लावलेला खलबत्ता काढला, बाहेरून हळदकुंकवाचं बोट लावलं आणि दोन दिवस कुटत बसल्या. प्रत्येक घावाला आमच्यातले काही जण सुटले. मयुरीने भुकटी तेजाबाने धुतली, तेव्हा मी एका कणाच्या पोटात दडलो होतो. मग भट्टीत त्याचाच पापुद्रा झाला आणि मी त्यात अडकलो.

पापुद्र्यात कार्बनची घरं दोन प्रकारची, एकाआड एक. सारख्या घरांतले दोन पाहुणे अणू एकाच दिशेला तोंड करतात, वेगळ्या घरांतले उलट दिशांना. मधले इलेक्ट्रॉन निरोप पोचवतात, अंतर वाढलं की तो झपाट्याने विरतो. माझ्या शेजारी कोबाल्टचा अणू आला. मला गप्प बसता येत नाही, स्वभावच तो! मी त्याला वळवलं. असे आम्ही कोट्यवधी होतो.

चुंबकी जोर मोजायच्या यंत्रावर आकडा चढला तेव्हा मयुरी टाळ्या पिटत उठली. हे सगळं बळ कोबाल्टचं, असं तिने प्रबंधात लिहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात परीक्षकांनी शुद्धतेची तपासणी मागितली. परवा अहवाल आला, कोबाल्टपेक्षा लोखंडच जास्त निघालं. मयुरीने लगेच घरी फोन लावून पाट्याचं विचारलं.

"पाटा कायले? त्याले मिरचीचा वास व माय," लताबाई म्हणाल्या. "मी कोऱ्या खलबत्त्यात कुटलं. चाललं ना तुह्या मशीनले? आखीन एक पिशवी कुटून ठेयली, उद्या एसटीनं पाठोते."

मयुरीने समोरचा अहवाल उलटा ठेवला. मग म्हणाली, "हो आई. चांगलं चाललं."

आता मी एका कुपीत आहे, वर लाल अक्षरांत 'बाद' लिहिलंय. पाच वर्षांचे सगळे नमुने त्याच भुकटीचे. शिष्यवृत्ती संपली. मला यातून कुणी काढू शकत नाही, माझं मलाही निघता येत नाही. नवी पिशवी सकाळीच आलीय, आणि ती मांडीवर घेऊन मयुरी नुसती बसून आहे.

मयुरी, ती भट्टीत घालू नकोस. पण फेकूही नकोस गं. मागच्या खेपेला कुटताना आईच्या तळहातांना फोड आले होते. तिने ते तुला सांगितलेलं नाही.