लाल हात, निळा हात

गेल्या वर्षीच्या शालेय कुस्ती स्पर्धेत पंचांच्या दर्जाबद्दल इतक्या तक्रारी आल्या, की यंदा दर्जा वाढवायचं ठरलं. दर्जा वाढवणं अवघड आणि नियम वाढवणं सोपं, त्यामुळे एक नियम वाढला. ज्या शाळेला मुलं उतरवायची असतील, तिने आपला एक पंच द्यायचा. त्याला प्रशिक्षण मिळेल, स्पर्धेच्या दिवशी सकाळी एका कुस्तीत त्याची परीक्षा होईल, आणि तो नापास झाला तर त्याच्या शाळेची मुलं दुपारी न खेळता घरी जातील.

मुख्याध्यापिकाबाईंनी स्टाफरूमभर नजर फिरवली. खेळाच्या सरांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. कुस्तीच्या पंचाला ऐन मोक्याला मॅटवर पालथं पडून खांदे टेकले की नाही ते बघावं लागतं. खेळाचे सर पालथे पडू शकत होते, फक्त उठू शकत नव्हते. बाकीच्या शिक्षकांना अचानक वह्या तपासायची आठवण झाली. उरले भूगोलाचे सर. त्यांनी मान खाली घातली नाही, कारण त्यांची लेक शाळेकडून कुस्ती खेळायची.

लेकीला सगळे डिंकी म्हणत. समोरचीचा पाय एकदा धरला की ती सुटत नसे, म्हणून. गेल्या वर्षी तिने जिंकत आणलेली कुस्ती पंचांनी दुसरीच्या नावावर लिहून टाकली होती, आणि हे तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. सरांना कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते पंच झाले नाहीत तर डिंकी खेळणार नव्हती, एवढं कळत होतं.

प्रशिक्षण एका रविवारी दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात झालं. मॅट आलं नव्हतं, कुस्तीगीर बोलावलेच नव्हते, आणि पंचांच्या मनगटावरच्या लाल-निळ्या पट्ट्या कुरिअरने निघाल्या होत्या. आले होते ते प्रशिक्षक. त्यांनी उभं आयुष्य व्हॉलीबॉलचे पंच म्हणून काढलं होतं आणि 'खणखणीत' हा त्यांचा लाडका शब्द होता. चहाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव खणखणीतसाहेब पडलं.

"कुस्ती नाही समजली तरी एक वेळ चालेल," त्यांनी सुरुवातीलाच धीर दिला. "बघणाऱ्यांनाही समजत नाही. पण हात खणखणीत वर गेला पाहिजे. आणि एकदा गेला की गेला. ज्या पंचाने स्वतःचा निर्णय बदलला, तो नापास. मग भले तो बरोबर बदललेला असो."

मग त्यांनी पद्धत सांगितली. एक कुस्तीगीर लाल पोशाखात, दुसरा निळ्या. पंचाच्या एका मनगटाला लाल पट्टी, दुसऱ्याला निळी. लालने गुण मिळवला की लाल पट्टीचा हात वर, निळ्याने मिळवला की निळा. टेबलापाशी बसलेल्या गुणलेखक बाई पट्टी बघून गुण मांडणार. सोपं होतं. पण पट्ट्या कुरिअरमध्ये होत्या.

"काही अडत नाही," साहेब म्हणाले. ते सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. "हा लाल," म्हणून त्यांनी डावा हात वर केला. "हा निळा," म्हणून उजवा. डावा आणि उजवा हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत. हात दिसत असताना शब्द कशाला खर्च करायचे?

समोरच्या सगळ्यांनी साहेबांचा हात ज्या बाजूला गेला त्याच बाजूचा आपला हात वर केला. म्हणजे लालला उजवा. फक्त इतिहासाच्या एका मॅडमनी डावा केला.

"मॅडम, तुमचा हात उलटा जातोय."

"तुमचा डावा आहे ना साहेब? म्हणून मीही डावा..."

"डावं-उजवं सोडा हो. आजूबाजूला बघा. वेगळं कोण दिसतंय?"

मॅडमनी आजूबाजूला बघितलं. त्याच वेगळ्या दिसत होत्या. वेगळं दिसणाऱ्यांचं पुढे काय होतं हे इतिहासात त्यांनी पुष्कळ शिकवलं होतं. त्यांनी हात बदलला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत 'लाल! निळा! लाल! लाल!' चाललं आणि सगळं सभागृह एका लयीत, एका दिलाने उलटं शिकलं.

सर शिकलेलं विसरणाऱ्यांपैकी नव्हते. ते रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात सराव करू लागले. डिंकी समोर उभी राहून हुकूम सोडायची.

"लाल, दोन गुण!"

सरांचा उजवा हात दोन बोटांसह खणखणीत वर गेला.

"बाबा, लाल डाव्या हाताला असतो."

"अगं, तू समोर उभी आहेस, म्हणून तुला उलटं दिसतंय."

"उलटं दिसत नाहीये. उलटं आहे."

"मग साहेबांचा कसा ह्याच बाजूला जात होता?"

डिंकीने स्वतःचे दोन्ही हात आळीपाळीने वर करून बघितले. ती बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, मग पुन्हा समोर आली, मग पाठ करून उभी राहिली. "थांब हं. तू साहेब. मी तू. नाही, तू तूच."

सरांच्या बायकोचा दातांचा दवाखाना होता. ती भाजी ढवळता ढवळता म्हणाली, "आधी ठरवा, कुणाचा डावा. आमच्याकडे डावी दाढ म्हणजे पेशंटची डावी. नाहीतर चांगली दाढ हातात येते."

"मग इथे पेशंट कोण?" सरांनी विचारलं.

"ते तुम्ही बघा. मला मधे घेऊ नका."

शेवटी सर कपाटाच्या आरशासमोर गेले आणि 'लाल' म्हणाले. आरशातल्या माणसाने थेट साहेबांसारखाच हात वर केला. तसाच, त्याच बाजूला. सरांचं समाधान झालं.

"बघ," ते म्हणाले.

"बघितलं," डिंकी म्हणाली. "पण कुस्तीला तो येणारे का तू?"

स्पर्धेच्या सकाळी व्यायामशाळेत दोन मॅट अंथरली होती आणि पट्ट्याही पोचल्या होत्या. सरांना हायसं वाटलं. आता रंग डोळ्यांना दिसणार, म्हणजे चुकायचा प्रश्नच मिटला. त्यांनी लाल पट्टी उजव्या मनगटावर चढवली.

परीक्षक म्हणून बसलेले खणखणीतसाहेब खुर्चीतून ओरडले, "अहो, डाव्या! लाल डाव्या मनगटावर. नियमच आहे तसा."

"पण साहेब, सरावात आपण..."

"सरावात पट्ट्या होत्या का?"

"नव्हत्या."

"मग?"

त्यांनी पट्ट्या बदलल्या. शिट्टी वाजली.

लाल पोशाखात एक हडकुळा मुलगा होता, निळ्यात एक गुटगुटीत. हडकुळा गुटगुटीताच्या काखेखालून सटकला, मागे गेला आणि त्याला खाली घेऊन पडला. लालचे दोन गुण. सरांचं डोकं 'लाल' म्हणालं आणि स्वयंपाकघरात तयार झालेला उजवा हात वर गेला. त्यावर निळी पट्टी होती. गुणलेखक बाईंनी निळ्याला दोन गुण मांडले.

खाली दबलेल्या गुटगुटीताने मान वळवून फलक बघितला. "मला?" तो म्हणाला.

"पंच, झोप झाली का?" कोपऱ्यातून लालचा प्रशिक्षक ओरडला. निळ्याची आई टाळ्या वाजवावी की नाही ह्या विचारात पडली, मग तिने हळूच वाजवली.

सरांनी हाताकडे बघितलं. हात अजून वरच होता. साहेब समोर मान डोलावत होते. नंतर निळ्याने एक गुण मिळवला तेव्हा सरांनी मुद्दाम विचार केला, आणि विचारामुळे डावा हात अर्धा गेला, उजवा अर्धा गेला, आणि बाईंना जो जास्त वर वाटला तो त्यांनी धरला. मग लालने पुन्हा दोन घेतले आणि पुन्हा उजवा हात उठला. चूक सरांना कळली होती. हाताला कळली नव्हती.

पहिला डाव संपला तेव्हा फलकावर निळा पुढे होता, तोही लालने कमावलेल्या गुणांवर. हडकुळा धापा टाकत सरांजवळ आला.

"सर, माझं काय चुकतंय?" त्याने हळू आवाजात विचारलं. "सांगा ना. मी तसं नाही करणार."

सरांनी पलीकडे बघितलं. भिंतीपाशी डिंकी दुपारच्या कुस्तीसाठी अंग मोकळं करत होती. निर्णय बदलला की नापास, आणि नापास झालं की ती घरी. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या दिवसात तेवढंच एक स्वच्छ दिसत होतं. समोर मुलगा अजून उत्तराची वाट बघत उभा होता.

"तुझं काही चुकत नाहीये बाळा," सर म्हणाले आणि टेबलाकडे गेले. "बाई, माझे हात उलटे गेलेत. लालचे गुण निळ्याला करा, निळ्याचे लालला."

"सगळे?"

"सगळे."

"तो मधला पण? ज्यात तुमचे दोन्ही हात गेले होते?"

"तो कुणाला मांडलात?"

"लालला."

"तो निळ्याचा होता. म्हणजे तोही उलटा. म्हणजे बदला. नाही, थांबा... हो, बदला."

"सर, एकदा काय ते नक्की सांगा. माझं खोडरबर लहान आहे."

दुसऱ्या डावात सर प्रत्येक गुणाला आधी कुस्तीगिराचा रंग बघत, मग आपली दोन्ही मनगटं बघत, मग हात उचलत. हात इतका उशिरा आणि इतका मऊ वर जाई, की कुणाला वाटावं ते बस थांबवतायत. हडकुळा जिंकला. ह्यावर गुटगुटीताने जराही वाद घातला नाही.

"नापास," खणखणीतसाहेब हळहळून म्हणाले. "अहो, किती सुंदर चाललं होतं!"

"साहेब, चूक चाललं होतं."

"चूक, पण खणखणीत!"

डिंकीने सगळं बघितलं होतं. सर तिच्याजवळ गेले तेव्हा ती बुटाची नाडी सोडत होती. म्हणजे सोडायची की नाही हे ठरत नसल्यासारखी नुसती ओढत होती.

"तुला आजच सुचायचं होतं?"

"तो मुलगा मला विचारायला आला, माझं काय चुकतंय म्हणून."

"गेल्या वर्षी पंचाने निर्णय बदलला नाही, म्हणून माझी गेली. यंदा पंचाने बदलला, म्हणून माझी गेली. बाबा, मी नक्की कुणावर चिडू?"

"माझ्यावर चीड."

"तेच तर जमत नाहीये." तिने नाडी सोडून दिली. "आईला फोन कर. न्यायला ये म्हणावं."

सरांनी फोन काढला. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा झाली: सकाळी नापास झालेल्या पंचांनी कृपया जाऊ नये, दुपारी दोन्ही मॅटवर त्यांची गरज आहे. झालं असं होतं, की दुसऱ्या मॅटवरही सकाळभर उलटेच हात गेले होते. ज्यांच्या लक्षात आलं ते बदलून नापास झाले होते. ज्यांच्या लक्षात आलं नाही ते पास झाले होते, पण दोन्ही मॅटना पुरतील इतके नव्हते.

सर साहेबांकडे गेले.

"बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "तुम्ही दोन नंबरच्या मॅटवर."

"मी नापास आहे ना?"

"आहातच."

"मग निघतो. लेकीलाही घेऊन जातो. शाळेला पंच नाही, तिला खेळता येणार नाही."

"अहो, पण दोन नंबरवर पंच कोण?"

"मला काय माहीत? आमच्या शाळेकडे तर नाही."

साहेबांनी कपाळावर आठ्या घातल्या. "म्हणजे तुम्ही पंच आहात, पण नाही आहात."

"तुम्ही म्हणाल तसं. असलो तर ती खेळेल. नसलो तर मी जाईन."

"हा अडवणुकीचा प्रकार झाला."

"भूगोलाचा आहे साहेब. मी एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही."

साहेबांनी रिकाम्या दोन नंबरच्या मॅटकडे बघितलं. "नियम करताना हा प्रसंग समोर नव्हता," ते शेवटी म्हणाले. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. "खेळू दे तिला. जा, जा लवकर."

सरांनी लांबूनच लेकीला अंगठा दाखवला. तिने खुणेने विचारलं, म्हणजे पास? सरांनी मान हलवली, नाही. मग घरी? तीही नाही. डिंकीने दोन्ही हात पसरले, नाडी बांधली आणि मॅटकडे पळाली.

तिची कुस्ती एक नंबरवर होती, पंच इतिहासाच्या मॅडम. सरांची दोन नंबरवर, पाठीमागेच. सरांना वळून बघता येत नव्हतं. समोर दोन मुलं एकमेकांच्या मानेत हात अडकवून गोल फिरत होती, आणि मागून आरडाओरडा येत होता. 'सोड! सोडव पाय!' कुणीतरी किंचाळलं, आणि सरांना बरं वाटलं. मग 'उलट! उलट!' ऐकू आलं, आणि ते कुस्तीगिराला उद्देशून होतं की पंचांना, हे काही समजेना. मग मोठी शिट्टी, टाळ्या, आणि टाळ्यांच्या मध्येच कसलीशी शांतता.

सर वळले.

मॅटच्या मधोमध इतिहासाच्या मॅडम उभ्या होत्या. एका हातात डिंकीचं मनगट, दुसऱ्या हातात दुसऱ्या मुलीचं. जिंकलेलीचा हात वर करायचा बाकी होता. मॅडम आपल्या एका पट्टीकडे बघत होत्या, मग दुसरीकडे, मग समोर बसलेल्या साहेबांकडे. साहेब छताकडे बघत होते. डिंकी नाकाने श्वास घेत उभी होती. गेल्या वर्षीही ती अशीच उभी होती.

दुसरी मुलगी घाम पुसत खाली वाकली. "मॅडम, ती," ती म्हणाली. "मी चीत झाले ना. तिचा करा."

"तुझी खात्री आहे?"

"माझी पाठ टेकली, मला नाही कळणार?"

मॅडमनी डिंकीचा हात वर केला. व्यायामशाळेत टाळ्या वाजल्या. सर टाळ्या वाजवायला गेले, मग पंचाने वाजवायच्या नसतात हे आठवून हात तसेच हवेत राहिले, दोन्ही, लाल आणि निळा.

"दोघांनाही?" टेबलामागून गुणलेखक बाईंनी विचारलं.

मागे मॅटवर एकमेकांच्या माना धरून उभ्या असलेल्या मुलांपैकी एकजण म्हणाला, "सर, आमचं चालू आहे की संपलं?"