भटू दाजींच्या डोक्यातली चरबी

आमचे दाजी भटू पाटील सुरतेत, बमरोलीच्या एका कारखान्यात ताका चेकिंगला आहेत. ताका म्हणजे तागा; लूमवरून उतरलेलं कोरं कापड उजेडाच्या टेबलावरून ओढायचं आणि त्यातला डाग, गाठ, तुटलेला धागा शोधून काढायचा, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. चूक सापडली की त्यांना फार आनंद होतो. घरीसुद्धा जेवायला बसले की आधी भाकरी उजेडात धरून बघतात. माझी थोरली बहीण मंगलाताई एवढी वर्षं त्यांच्या टेबलावरून सरकते आहे, म्हणून तिच्या सहनशक्तीला मी कधीच नावं ठेवत नाही.

गेल्या पावसाळ्यात थप्पीवरचा एक ताका दाजींच्या डोक्यावर पडला. जखम कसली नाही, साधं टेंगूळ. पण शेठ घाबरला आणि त्याने सरकारी दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढायला लावला. मी लिंबायतला रिक्षा चालवतो, त्यामुळे घरातल्या कुणालाही काही झालं की ते माझ्या रिक्षेत होतं. दाजींना मीच घेऊन गेलो, ताईही बरोबर होती.

तिथल्या डॉक्टर उज्ज्वलाबाई अकोल्याच्या. त्यांनी फिल्म बघितली आणि म्हणाल्या, "मार काही लागलेला नाही. पण मेंदूच्या दोन भागांच्या मधोमध चरबीची एक लहान गाठ आहे. लायपोमा म्हणतात. फार क्वचित सापडते."

"सापडना ना!" दाजी टेबलावर हात आपटून म्हणाले. आमच्या अहिराणीत याचा अर्थ, सापडली ना! एवढ्या लोकांत क्वचित सापडणारी वस्तू आपल्याकडे निघाली, याचा त्यांना थोडा अभिमानच वाटला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खात्रीसाठी बाईंनी एमआरआय केला. एका फोटोत तो ठिपका पांढराशुभ्र. मग मशीनला सांगून चरबीची चमक दाबली आणि त्याच जागेचा दुसरा फोटो काढला, तर ठिपका काळा. "म्हणजे ही चरबीच, दुसरं काही नाही," बाई म्हणाल्या. "आईच्या पोटात मेंदू घडत असताना एक पातळ आवरण विरून जायचं असतं. तुमचं थोडं राहून गेलं आणि त्याची चरबी झाली. जन्मापासून आहे. तुमच्या खाण्यापिण्याशी तिचा काही संबंध नाही. हा कॅन्सर नाही."

"मंग कधी काढानं?"

"काढायचं नाही. ती मेंदूला चिकटलेली असते, रक्ताच्या नळ्या तिच्यातूनच जातात. ओढायला गेलं तर हात-पाय जातील, वाचा जाईल, जीवही जाईल. तुम्हाला काही त्रास आहे का?"

"नही."

"मग काही करायचं नाही. कधी फिट आली तर गोळ्या देऊ. वर्षाने एकदा फोटो काढू."

दाजींचं तोंड पडलं. सुई नाही, गोळी नाही, बाटली नाही, आणि ही बाई स्वतःला डॉक्टर म्हणवते! आमच्याकडे साध्या सर्दीला डॉक्टरने दोन इंजेक्शनं दिली नाहीत तर तो डॉक्टर शिकाऊ ठरतो. रिक्षेत बसल्या बसल्या दाजी म्हणाले, "डाग सापडना म्हंजे कापनाच पडस. सोडी देतस का कोनी?"

ताई म्हणाली, "डॉक्टरबाई म्हननी, काईच करू नका."

"तुले काय समजस त्यामान?"

ताईला समजलं होतं. त्या दिवशी दवाखान्यातून समजून बाहेर पडलेलं माणूस ते एकच होतं, पण आमच्यात मत विचारायची पद्धत वेगळ्या माणसांपासून सुरू होते.

दोन दिवसांत अख्ख्या गल्लीला कळलं. लोक भेटायला यायला लागले. येणारा बिस्किटांचा पुडा आणि एक उपाय घेऊन यायचा. शेजारच्या धुरपदाबाईंनी निदान पक्कं केलं. "सुरतनं तेल शे ते! गावले व्हता तवय काई व्हयनं व्हतं का?" गावाला असताना दाजींचं डोकं कुणी मशीनमध्ये घातलं नव्हतं, एवढं मी म्हणून बघितलं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, तिथे माझं कोण ऐकतो.

मग आमच्या मंडळाचे अध्यक्ष भूपेंद्रभाऊ आले. भूपेंद्रभाऊंचा साड्यांना फॉल-बिडिंगचा धंदा, पण बारसं, बारावं, बदली, बायपास यांतलं त्यांना सगळं कळतं. त्यांनी फिल्म उलटी धरून नीट पाहिली आणि हुकूम सोडला, "चरबी म्हणजे चरबी. पोटाची काय, डोक्याची काय. खाणं बंद केलं की वितळते." दाजींना हे एकदम पटलं, कारण यात निदान काहीतरी करायचं होतं. तेल बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद, शेव तर पाहायचीसुद्धा बंद. सकाळी उकडलेला दुधी, संध्याकाळी उकडलेला दुधी. पहाटे उठून बमरोलीपर्यंत पायी. ताईने हात जोडले, रडली, ओरडली. "मी मराले जोयजे का तुले?" असं विचारून दाजींनी तिचं तोंड बंद केलं. नवऱ्याने असं विचारल्यावर बायको काय बोलणार? तिने दुधी आणला.

अडीच महिन्यांत दाजींची पँट दोरीने बांधायची वेळ आली. गालफडं बसली. टेबलापाशी उभं राहवेना. मी जबरदस्तीने उज्ज्वलाबाईंकडे नेलं, त्यांनी पुन्हा फोटो काढला. पोट गेलं होतं, दंड गेले होते, डोक्यातला ठिपका मात्र होता तेवढाच, तिथल्या तिथे. बाई चक्क रागावल्या. "अहो, उपासाने ती कमी होत नसते! जेवा जरा." दाजींनी याचा अर्थ काढला की चरबी फारच चिवट आहे.

आणि मग व्हायचं ते झालं. एका सकाळी कारखान्यात दाजींना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरले आणि ते टेबलाखाली कोसळले. शेठने भूपेंद्रभाऊंना फोन केला. भाऊंनी सरकारी दवाखान्याचं नावही काढू दिलं नाही, थेट रिंग रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे साखरेची बाटली लावल्याबरोबर दाजी उठून बसले आणि चहा मागायला लागले. भाऊ मला म्हणाले, "बघ, याला म्हणतात हॉस्पिटल." अडीच महिने उपाशी ठेवलेला माणूस साखर मिळाल्यावर उठून बसतो, याला हॉस्पिटल कशाला लागतं, हे मला अजून कळलेलं नाही.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आमच्या फिल्मा बघितल्या आणि फारच गंभीर चेहरा केला. "गांठ है. चक्कर आया है. निकाल देंगे. कार्ड है ना? कार्ड पे हो जाएगा."

सरकारी योजनेच्या कार्डावर, म्हणजे फुकट! संपलं. एकदा फुकट आहे म्हटल्यावर आमच्या माणसांना डोकं काय, दोन्ही किडन्या काढून घेतल्या तरी चालतील. धुरपदाबाई म्हणाल्या, चांगला योग आला. भाऊ म्हणाले, अशी संधी पुन्हा येत नाही. दाजी तर खूष होते. शेवटी कुणीतरी कात्री घेणारा भेटला होता.

त्याच दुपारी ताई माझ्या रिक्षेत बसली आणि एकटीच उज्ज्वलाबाईंना भेटली. बाईंनी कागद पाहिले. "साखर एवढी खाली आली होती! मावशी, त्यांना गाठीने चक्कर आलेली नाही, भुकेने आली आहे. मी लिहून देते. ऑपरेशन करू देऊ नका." त्यांनी लिहून दिलं. ताईने तो कागद सगळ्यांपुढे ठेवला. भाऊंनी तो वाचलासुद्धा नाही. "सरकारी डॉक्टर," एवढंच म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सहीचा कागद आला. दाजींनी लगेच केली, नातेवाइकाच्या जागी ताईची हवी होती. खोलीत गल्लीतली आणि मंडळाची दहा-बारा माणसं. ताई पेन धरून बसली. मला तिची अडचण स्पष्ट दिसत होती. सही केली आणि दाजी गेले, तर लोक म्हणणार नशीब. सही नाही केली आणि दाजी उद्या साध्या ठेचेने जरी पडले, तर जन्मभर म्हणणार, बाईने नवऱ्याचा इलाज होऊ दिला नाही. तिची लेक अमळनेरला दिलेली आहे, तिच्या सासरपर्यंत ते पोचलं असतं. धुरपदाबाई म्हणाल्या, "कर ओ माय, कसाना इचार करी राह्यनी?" ताईने एक एक अक्षर काढत सही केली. मला तिचा राग आला, त्याहून जास्त माझा आला, कारण मीसुद्धा भिंतीला टेकून गप्प उभा होतो.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन दुपारी एकला होतं. सकाळी आठपासून नर्स येऊन विचारायची, "कशु खाधु नथी ने? पाणी पण नहीं?" तिसऱ्यांदा आली तेव्हा ताईने विचारलं, "खाल्लं तर काय होतं?"

नर्स बिचारी चांगली होती. तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाली, "खाल्ला असेल तर डॉक्टर हात नाही लावणार. बेहोशीमध्ये उलटी छातीत जाते. ऑपरेशन कॅन्सल."

ताई उठली. मला म्हणाली, "छगन, घर चाल."

मला वाटलं देवाला नारळ ठेवायचा असेल. घरी गेल्यावर तिने कणीक मळायला घेतली. मला तुरीची डाळ निवडायला बसवलं. काय चाललंय ते डाळ शिजेपर्यंत माझ्या ध्यानात आलं आणि मी काही बोललो नाही. आधी बोललो नव्हतो, मग आता कशाला बोलू? तिने बट्ट्या उकडल्या, कापल्या, तळल्या आणि डब्यात भरून वरून तूप ओतलं. मी म्हटलं, बास. ती म्हणाली, "अजून बस नही," आणि आणखी ओतलं.

पावणेबाराला आम्ही खोलीत आलो. भाऊ मंडळाच्या ग्रुपवर टाकायला दाजींचा फोटो काढत होते. दाजी हिरव्या झग्यात, डोकं तुळतुळीत भादरलेलं. ताईने डबा उघडला. वासाने दाजींचा चेहरा बदलला. अडीच महिन्यांत त्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"अरे अरे, मंगलाबाई, हे काय!" भाऊ ओरडले.

ताई त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. दाजींना म्हणाली, "तुम्हीन सांगं ते मी करं. दुधी उकडा, सही करी. आते तुम्हीन ठरावा. तुम्ही आठून बोलता नही उनात, ते मी कोनले रांधू?" इथून बोलत परत आले नाहीत तर रांधायचं कुणासाठी, एवढंच तिचं म्हणणं होतं. आणि तिला रडू आलं. सही करताना आलं नव्हतं, ते आता आलं.

दाजी तिच्याकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांत त्यांनी तिला इतका वेळ काही खोट न काढता बघितल्याचं मला आठवत नाही. मग त्यांनी हात पुढे केला, बट्टी कुस्करली, वर वरण घातलं आणि पहिला घास घेतला. दुसरा घेतला. भाऊ नर्सला बोलवायला धावले. नर्स येईपर्यंत तीन बट्ट्या संपल्या होत्या.

मग मोठे डॉक्टर आले. खूप चिडले. "ये कौन लाया? पेशंट को मारना है क्या?" ताई म्हणाली, "मी लाई." तिच्या आवाजात भीती होती, पण डबा तिने झाकला नाही.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, फाईल आपटली. "ठीक है. आज कॅन्सल. कल सुबह. रात से कुछ नहीं खाना, खाली पेट आना."

दाजींनी बोटं चाटली. गालांवर जरा रक्त आलं होतं. त्यांनी ताईला विचारलं, "उद्या काय करशी?"

"वांगानं भरीत."

"तेल?"

"टाकसू."

दाजींनी डबा पुन्हा आपल्याकडे ओढला आणि डॉक्टरांना अगदी अदबीने म्हणाले, "साब, कल तो नहीं जमेगा."